आईसारखी लापशी

ताईनं तोंड मिटलं ते मिटलंच. आजारी माणसाला अन्न नकोसं होतं, हे काय जगाला नवीन आहे? पण ताईचं तसं नव्हतं. झटका आला, उजवं अंग लुळं पडलं, बोलणं बोबडं झालं, हे सगळं खरं. गिळता मात्र येत होतं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी स्वतः चमच्यानं पाणी पाजून खात्री करून घेतली होती. घसा ठीक, पोट ठीक. माणूसच खायला राजी नाही, त्यावर औषध कुठलं?

गुरुवारी डॉक्टरीणबाई घरी आल्या तेव्हा त्यांनी ताईच्या समोरच सांगितलं, आडपडदा न ठेवता. सोमवारपर्यंत वाट बघू. तोवर काही पोटात गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. ताईनं ऐकलं आणि डावा हात उचलून स्वतःचं नाक झाकलं. उत्तर मिळालं. गेल्या वर्षी जिन्यापलीकडची म्हातारी नळी लावून महिनोन्महिने पडली होती. तिला बघून आल्यावर ताईनं भावाला बजावलं होतं की माझ्यावर असली वेळ आली तर हे करू द्यायचं नाही, आणि भावानं मान डोलावली होती. मान डोलावायला काय जातं? आता मात्र त्या डोलावलेल्या मानेवर जोखड येऊन पडलं. नळी घालू दिली तर शब्द मोडला, नाही घालू दिली तर बहीण डोळ्यांदेखत उपाशी मरणार.

डॉक्टरीणबाई गेल्यावर तो पलंगाशी बसला आणि म्हणाला की ताई, काहीही सांग, जे म्हणशील ते आणतो. ताई बराच वेळ छताकडे बघत होती. मग म्हणाली, "लापशी."

भावाच्या बायकोचा चेहरा असा उजळला म्हणता! ती पदर खोचून उठलीसुद्धा. लापशी म्हणजे काय अवघड आहे? जवाची भरड, पाणी, थोडं दूध, मीठ. पण ताईनं वाक्य पुरं केलं नव्हतं. भावजयीकडे न बघता ती भावाकडे बघत होती.

"आईची," ती म्हणाली.

आता हा भाऊ कोण, ते सांगायला हवं. वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. सगळी पेठ त्याला काटेवालाच म्हणायची. वाण्याच्या दुकानातला तराजू, भंगारवाल्याचा मोठा काटा, सोनाराच्या काचेच्या पेटीतलं नाजूक यंत्र, सगळ्यांची नाडी त्याच्या हातात. रिकामी पारडी समपातळीत येत नसतील तर हलक्या बाजूला जो बारीकसा तुकडा अडकवतात, त्याला पासंग म्हणतात. हा नुसत्या नजरेनं सांगायचा की पासंग किती हवा. कुणी काटा मारायला सांगितलं तर मात्र हत्यारांची पेटी बंद करून सरळ चालू लागायचा. उभा जन्म खरंखोटं तोलण्यात गेला. आणि अशा माणसानं आतमध्ये एक खोटं पन्नासेक वर्षं जपून ठेवलं होतं. कुणाला वाटलंही नसतं.

ते खोटं असं. त्याला आई आठवत नव्हती. जराही नाही. आई गेली तेव्हा तो दोनेक वर्षांचा होता आणि ताई पंधराची. वडील रखवालदार, दिवसा झोपायचे, उठले तरी मोजकंच बोलायचे. तेव्हा घर ताईनं उचललं. बटणांच्या कारखान्यात पहाटपाळी धरली, दुपारी परत येऊन धुणीभांडी, त्याचा अभ्यास, त्याचे खोकले, त्याच्या उसवलेल्या चड्ड्या. लग्नाचं कुणी बोललं की म्हणायची, आधी याला शिंगं फुटू देत. शिंगं फुटली, त्याचं लग्न झालं, आणि तोवर हिचं वय निघून गेलं होतं. आपल्यापायी ताईचा संसार झाला नाही, हे त्याला ठाऊक होतं. बायकोलाही ठाऊक होतं. घरात त्यावर कुणी बोलत नसे.

लहानपणी रोज पहाटे कामावर निघताना ताई त्याच्यापुढे लापशीची ताटली ठेवायची आणि विचारायची, "झाली ना आईसारखी?" तो तोंड भरून म्हणायचा, हो, अगदी आईसारखी. पोरगं ते! एवढ्या आशेनं विचारल्यावर दुसरं काय म्हणणार? पुढे मोठा झाल्यावर एकदा सांगायचं त्याच्या मनात आलं होतं. पण ताई जेव्हा जेव्हा "तुला आई आठवते ना रे" असं म्हणायची, तेव्हा तिच्या आवाजात असं काहीतरी असायचं की याची जीभच रेटायची नाही. आईला ओळखणारं जगात दुसरंही कुणीतरी आहे, याच आधारावर ताई उभी आहे असं त्याला वाटायचं. तो आधार काढून घ्यायचा कुणी? आणि मग एक दिवस, दुसरा दिवस, करता करता म्हातारपण आलं.

तर ताईनं मागितली आईची लापशी, आणि मागितली नेमकी त्याच्याकडे.

पहिल्या दिवशी बायकोनं तिच्या पद्धतीनं केली. छान दाट, साय घातलेली, वर साखर भुरभुरलेली. कुणीही बोटं चाटली असती. ताईनं चमच्याचं टोक ओठांना लावू दिलं आणि मान फिरवली. बायको हिरमुसली, पण रागावली नाही. ती एवढंच म्हणाली की अहो, तुम्हीच करा, तुमच्या तोंडात चव असेल.

होती. चव होती, तेवढं मात्र खोटं नव्हतं. लहानपणीच्या त्या ताटलीची चव त्याच्या जिभेवर पक्की बसलेली होती आणि तो मनात तिला आईचीच म्हणत आला होता. आईनं ताईला शिकवली, ताईनं मला वाढली, म्हणजे आईचीच की. त्याचा हिशेब असा सरळ होता.

मग त्यानं काय करावं? दुकानातून आपली पितळी वजनं आणि लहान तराजू घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडला. भरड तोलली, दूध तोललं, मीठसुद्धा सोनं तोलावं तसं तोललं. बायको दाराशी उभी राहून बघत होती. तिनं विचारलं की आता वाफही तोलणार का. त्यानं ऐकलंच नाही. एक पातेलं झालं, चाखलं, नाही. भरड कमी केली, नाही. मीठ वाढवलं, नाही. पाणी वाढवलं तर ती खळ झाली, पाकिटं चिकटवायच्या कामाची. जे पातेलं बिघडायचं ते दोघं नवराबायको जेवायचे, कारण टाकवत नव्हतं. शुक्रवार असा गेला. प्रत्येक खेपेला तो एक वाटी ताईपाशी घेऊन जायचा, आणि प्रत्येक खेपेला ताई ओठ ओले करायची आणि डोळे मिटायची. त्याच्या जिभेवरच्या त्या जुन्या चवीपुढे ही सगळी पातेली पासंगालाही पुरत नव्हती.

ताईची प्रकृती म्हणाल तर कधीच तोळामासा नव्हती. बटणांची पोती उचललेली बाई ती. दोन दिवसांत तिची गालफडं बसली. तिच्या डाव्या हाताचं मनगट त्यानं धरलं तर अंगठा आणि बोट एकमेकांना भेटून वर उरले. त्या दिवशी तो बायकोला म्हणाला की मला नाही जमत, मी नळीला हो म्हणतो. बायको म्हणाली की अजून उद्याचा दिवस आहे, आणि परवाचाही.

शनिवारी सकाळी त्याला एका वाण्याकडे जावंच लागलं, काटा अडला होता. पारडं खोलायला तो गुडघ्यांवर बसला. शेजारी पिठाचं एक पोतं होतं, खालून ओल लागलेलं. त्यातून आंबूस वास येत होता. वाणी ओशाळून म्हणाला की ते टाकायचं आहे, विकायचा माल नव्हे. पण काटेवाल्याचं लक्ष कुठे होतं? तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. त्याला पाय आठवले, स्वतःचे, लहान, थंडीनं गारठलेले, आणि पांघरुणात पायांना लागणारं काहीतरी गरम. पातेलं! रजईत गुंडाळलेलं पातेलं रात्रभर पायथ्याशी असायचं. तो त्याला पाय लावून झोपायचा आणि ताई दटावायची की लवंडवशील, गाढवा. लापशी सकाळी शिजवायची नाहीच मुळी ताई. संध्याकाळी एक उकळी काढायची, झाकण घट्ट बसवायची आणि रजईत पुरून ठेवायची. सकाळपर्यंत ती आपल्या आपण शिजायची, कोमट राहायची, आणि किंचित आंबायची.

वाण्याचा काटा त्यानं कसा जोडला ते त्याचं त्यालाच माहीत. त्या संध्याकाळी त्यानं तराजू उचलून कपाटावर ठेवला आणि मुठीनं भरड घेतली. एक उकळी काढली. बायकोनं आपली चांगली रजई मुकाट्यानं दिली, हे तिचं मोठेपण. पातेलं गुंडाळून त्यानं स्वतःच्या अंथरुणात ठेवलं.

रविवारी सकाळी झाकण काढलं आणि वासानंच त्याला कळलं. एक चमचा तोंडात घातला. तीच! ती कडेला चिकटलेली जाड साय, तो कोमटपणा, जिभेच्या मागच्या बाजूला येणारी ती बारीकशी आंबट कळ. साठीला आलेला माणूस ओट्याला धरून पोरासारखा रडला. बायकोनं एक बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली की अहो, ही तर आंबली आहे. मग त्याच्याकडे बघून तिनं वाटी पुढे केली.

त्यानं वाटी भरली. ताईला उशा लावून बसवलं, छातीवर पंचा ठेवला आणि पहिला चमचा तिच्या ओठांशी नेला. आज ताईनं तोंड उघडलं. जिभेवर घेतलं, गिळलं. त्याला वाटलं, जिंकलो. ताईनं डोळे उघडून वाटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"ही माझी," ती म्हणाली.

त्याला आधी कळेचना. तो म्हणाला की हो, ताई, तुझीच, तुला आईनं शिकवलेली. ताईनं नाही अशी मान हलवली. बोबड्या बोलानं, थांबत थांबत तिनं जे सांगितलं ते असं. आईनं तिला काहीच शिकवलं नव्हतं. आई सकाळी ताजी करायची, गरम, वाफाळती, पण तिला कधी शेगडीजवळ येऊ द्यायची नाही, भाजेल म्हणून. आई गेल्यावर पहाटपाळी लागली. सकाळी शेगडी पेटवायला वेळ कुठला? म्हणून तिनं रजईची युक्ती काढली. पहिल्या दिवशी लापशी आंबली. ती टाकून दिली असती तर तो उपाशी राहिला असता. म्हणून तिनं ती त्याच्यापुढे ठेवली आणि भीत भीत विचारलं की आईसारखी झाली ना? तो हो म्हणाला. मग तिनं तशीच चालू ठेवली.

म्हणजे बघा, जी चव तो जन्मभर आईची म्हणून उराशी धरून बसला होता, ती एका पंधरा वर्षांच्या घाबरलेल्या पोरीच्या घाईची चव होती.

ताईनं वाटी डाव्या हातानं दूर सारली. "माझी नको," ती म्हणाली. "आईची कर. तुला येते."

"मला कशी येणार, ताई?"

"तू शेवटपर्यंत तिच्या हातचं खाल्लंस. ती आजारात तुला भरवायची. मी चव विसरले. कधीच विसरले. तुझ्या जिभेवर आहे ना. तू हो म्हणायचास."

वाटी त्याच्या हातातच होती. आता हो म्हणावं, उठावं, पातेलं चढवावं, काहीतरी गरम गरम आणून पुढे ठेवावं आणि सांगावं की ही घे, हीच. ताईनं खाल्लंही असतं. एक काटा मारला असता तर बहीण वाचत होती. बायको दारात उभी होती. त्याच्या मनात काय चाललंय ते तिला बरोबर कळत होतं.

त्यानं वाटी खाली ठेवली.

"ताई, मला आई आठवत नाही," तो म्हणाला. "कधीच आठवत नव्हती. मी नुसता हो म्हणायचो."

ताईचा चेहरा एकदम रिकामा झाला. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, उजव्यातून थोड्या वेळानं. भावाला वाटलं, संपलं. आपण आईला दुसऱ्यांदा मारलं, आणि ताईच्या मांडीवर मारलं. बोलायचं तर अजून होतं, ते त्यानं जमिनीकडे बघतच बोलून टाकलं. तो म्हणाला की मी खोटं बोललो, पण चवीचं खोटं बोललो नाही. मला दुसरी लापशी माहीतच नाही. कुणी आई म्हटलं की मला ही चव येते आणि पायाशी गरम लागतं. एवढंच आहे माझ्याकडे. याला तू आई म्हण, नाहीतर म्हणू नकोस.

खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं, तिचं चाक कुरकुरत लांब गेलं.

मग ताई म्हणाली, "मग विचारलं का नाहीस? कशी होती ती?"

त्यानं विचारलं असतं तर आठवत नाही हे कळलं असतं. आणि ताईनं आपणहून सांगितलं नव्हतं, कारण तिला वाटायचं, याला आठवतंय, कशाला उगाच जखम उकरा. एका छपराखाली दोघं म्हातारी झाली. हा समजायचा आई तिच्यापाशी आहे, ती समजायची याच्यापाशी.

"आता विचारतो," तो म्हणाला. "कशी होती?"

ताई सांगू लागली. एका बाजूनं ओढलेल्या तोंडानं, शब्द चुकत, चुकला की पुन्हा मागे येत. आई बुटकी होती. चालायची भराभर, हिला धावावं लागायचं. हसताना तोंडावर हात धरायची, पुढचा एक दात तुटका होता म्हणून. वडिलांना घाबरायची नाही, वडीलच तिला वचकून असायचे, तेव्हा ते बोलायचेही बरेच. बोलून ताईचा घसा कोरडा पडला. त्यानं काही न सुचून वाटीतला चमचा तिच्या ओठांशी नेला. ताईनं तो घेतला, गिळला आणि पुढे बोलू लागली. तो दुसरा चमचा धरून वाक्य संपायची वाट बघत बसला. दारातून बायको हलकेच आत आली आणि पलंगाच्या पायथ्याशी टेकली.

आई लापशी ढवळायची ती त्याला कमरेवर घेऊन, ताई सांगत होती. खाली ठेवलं की शेगडीशी जायचा, पळी ओढायचा, भरडेच्या डब्यात हात घालायचा. आई चिडायची आणि हसायची. तिनं त्याला एक नाव ठेवलं होतं. त्याचं खरं नाव तिनं घरात कधी घेतलंच नाही, सारखं तेच.

"काय?" त्यानं विचारलं.

ताई म्हणाली की आई गेल्यावर कुणी ते नाव घेतलं की तू उठून दाराकडे धावायचास. दार उघडायचास आणि बाहेर बघत उभा राहायचास. मग वडिलांनी सांगितलं, हे नाव या घरात पुन्हा घ्यायचं नाही. त्यानंतर कुणी घेतलं नाही.

"लुडबुड," ताई म्हणाली. "लुडबुड म्हणायची तुला."

त्यानं वाट बघितली. आत कुठेतरी काही हलेल, एखादा आवाज येईल, एखादा चेहरा, निदान तुटका दात. काहीच आलं नाही. आपलं नाव आपण पहिल्यांदाच ऐकतो आहोत, एवढंच त्याला कळलं. बायको तोंडाला पदर लावून बसली होती. त्यानं वाटीच्या तळाशी राहिलेली लापशी खरवडून चमच्यात घेतली आणि ताईला दिली.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

ताईच्या तोंडात घास होता. तिनं तो सावकाश गिळला, आणि मग म्हणाली.